कोयनेच्या काठी रास्पबेरी शेक: घरात भूकंपमापी ठेवावा का?

भूकंप यायच्या आधी घरात भोंगा वाजेल आणि आपण सगळे अंगणात पळू, या आशेने कोणी हे यंत्र घ्यायला निघालं असेल तर पैसे वाचवा. रास्पबेरी शेक भाकीत करत नाही, धोक्याचा इशारा देत नाही. जमीन हलली की ते लिहून ठेवतं, एवढंच त्याचं काम. पण ते काम ते इतक्या बारकाईने करतं की माझ्यासारखीला त्याचं वेड लागतं.

मी सातारा जिल्ह्यात, कोयना धरणाच्या जवळ, पाटणला राहते. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमच्या तालुक्यात भूकंप हा काही मोठ्या बातमीचा विषय नाही. सकाळी नळावर गाठ पडली की एकीने विचारायचं, "रात्री झाला वाटतं?" दुसरीने म्हणायचं, "हो, मांडणीवरची भांडी वाजली." संपलं. किती वाजता, किती लांब, एकच की मागून आणखी दोन, हे कोणी विचारत नाही. मला ते विचारायचं होतं, म्हणून पुतण्याच्या मागे लागून यंत्र मागवलं.

यंत्र पनामातल्या ओसॉप नावाच्या कंपनीचं. २०१६ साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून त्यांनी ते बाजारात आणलं. रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक, त्याच्यावर त्यांनी बनवलेलं एक सर्किट, आणि शेजारी उभी धातूची एक डबी. या डबीला जिओफोन म्हणतात, आणि सगळी करामत तिच्यात आहे. आत एक लोहचुंबक डबीला घट्ट बसवलेलं असतं आणि त्याच्याभोवती तारेचं वेटोळं बारीक स्प्रिंगवर टांगलेलं असतं. जमीन हलली की डबी आणि चुंबक तिच्याबरोबर हलतात, वेटोळं मात्र जडत्वामुळे मागे राहतं. दोघांच्या वेगात फरक पडला की तारेत वीज तयार होते. बारावीला फॅरडेचा नियम शिकवताना फळ्यावर जे चुंबक आणि वेटोळं मी काढत आले, तेच इथे कामाला लावलंय. वीज अगदी सूक्ष्म. ती सर्किटमध्ये वाढवून सेकंदाला १०० वेळा मोजली जाते. माझ्याकडे आरएस वन डी हे सर्वांत साधं मॉडेल आहे, म्हणजे फक्त वर-खाली हालचाल मोजणारा एकच जिओफोन. पेटी पारदर्शक आहे, वर पाणसळ आणि खाली उंची जुळवायचे पाय. बुडबुडा मधोमध आणला की झालं.

जागा निवडताना मात्र घाई करू नका. वरच्या मजल्यावर ठेवलंत तर जमिनीपेक्षा इमारतीचंच हलणं जास्त लिहिलं जाईल. आमचं घर जुनं, दगडी जोत्याचं. जिन्याखालच्या कोठीत फरशीवर यंत्र ठेवलं आणि तांदळाचे डबे तिथून हलवले. सासूबाईंना ते फारसं रुचलं नाही. "तांदूळ महत्त्वाचे की ते?" असं त्यांनी एकदा विचारून घेतलं.

सुरुवातीला कळतो तो भूकंप नव्हे, आपल्या घराचा आणि गावाचा दिनक्रम. मिक्सर लागला की पडद्यावर दाट पट्टा उमटतो. वॉशिंग मशीन पिळायला लागलं की त्याच्या वेगाची एकसारखी लय दिसते. कराडहून येणारी एसटी आमच्या वळणावर गिअर बदलते तेही कळतं. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या ढोलांनी तर आख्खी संध्याकाळ काळी करून टाकली. माणसांच्या या वर्दळीला कमी लेखू नका. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा जगभर जमिनीची ही कुरकुर किती घटली, हे बेल्जियमच्या राजवेधशाळेतल्या थॉमस लकॉक यांनी बऱ्याच देशांतल्या सहकाऱ्यांना घेऊन तपासलं. तो निबंध 'सायन्स'मध्ये छापून आला, आणि त्यासाठी वापरलेल्या केंद्रांत लोकांच्या घरातले हे शेकसुद्धा होते.

खाणीतला सुरुंग ओळखता येणं ही पहिली परीक्षा. तो दिवसाउजेडी उडतो, बहुतेक ठरावीक वेळेला. त्याचा पहिला झटका वरच्या दिशेने असतो, कारण स्फोट चहूबाजूंनी बाहेरच ढकलतो. आणि त्याची दुसरी लहर मरतुकडी असते. भूकंपात तसं नसतं. तिथे खडकाच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात, त्यामुळे काही दिशांना पहिला झटका वर, काही दिशांना खाली, आणि मागून येणारी दुसरी लहर चांगली दणदणीत. आलेखाकडे बघून "हा सुरुंग, हा भूकंप" असं सांगता येऊ लागलं की यंत्राचे निम्मे पैसे वसूल.

आता खरा माल. एका थंडीच्या रात्री पलंग किंचित थरथरला. मी उठून लॅपटॉप उघडला. आधी एक टोकदार बारीक उभार, तिथून अगदी थोड्या अंतरावर दुसरा, पहिल्याच्या कितीतरी पट उंच, मग हळूहळू शमत गेलेली शेपटी. पहिली ती पी लहर, खडक दाबत-ताणत येणारी; दुसरी एस, आडवी हलवणारी आणि धीमी. आमच्याकडच्या खडकात पी सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, एस साडेतीन. दोघींत जितके सेकंद, त्याला आठाने गुणा, भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. त्या रात्री फरक होता साडेतीन सेकंदांचा, म्हणजे २८ किलोमीटर. इथून वारणा धरणाच्या बाजूचा पट्टा तेवढ्याच अंतरावर आहे. खुद्द कोयनानगरच्या खाली झाला असता तर फरक दोन सेकंदांच्या आसपास आला असता.

सासूबाई जाग्याच होत्या. "काय म्हणतंय यंत्र?"

"वारणेकडचा असावा, आई. लहान होता."

"लहानच. मोठ्याला आधी गडगड होते."

त्यांचं म्हणणं पुस्तकी नाही, अनुभवाचं आहे. मामंजी प्रकल्पावर होते, त्यामुळे १९६७ साली त्या कोयनानगरच्या वसाहतीत राहत होत्या. ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसं गेली, वसाहत भुईसपाट झाली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. त्या सांगतात ती गडगड म्हणजे पी लहरच. जवळच्या भूकंपात तिची बारीक कंपनं जमिनीतून हवेत उतरतात आणि कानाला ऐकू येतात. हलवणारी एस मागून पोचते. यंत्रावरून एक गंमत. त्याचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. जगाच्या भूकंपसूचीत कोयनेचा भूकंपही त्यामुळे १० डिसेंबर, रात्री २२ वाजून ५१ मिनिटं असा नोंदलेला आहे. हे मी कौतुकाने दाखवायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "दहाला काही झालं नाही. दहाला आम्ही जेवून झोपलो होतो."

पाटणसारख्या ठिकाणी या यंत्राची किंमत वाढते ती इथल्या भूगोलामुळे. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, १९६१-६२ पासून भरू लागला आणि लगेच हादरे सुरू झाले. १९८० च्या दशकात वारणेचा जलाशय भरला तेव्हा हालचाल दक्षिणेकडेही पसरली. साधारण २० बाय ३० किलोमीटरचा पट्टा, बहुतेक भूकंप १० किलोमीटरपेक्षा उथळ, आणि आजवर ५ किंवा त्याहून मोठे वीसहून अधिक. धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करायला जगात यापेक्षा बरी जागा नाही, असं भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं सांगत आलेत. कराडजवळ हजारमाचीला भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा आहे. त्यांनी गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, ते २०१७ मध्ये पुरं झालं. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण, आणि त्याच्याखाली थेट जुना ग्रॅनाइटी खडक. भूकंप होतात ते त्या खालच्या खडकात.

पाण्याचं वजन पडतं म्हणून जमीन फुटते, असं गावात सगळे म्हणतात. वजनाचा वाटा असतो, पण गोष्ट तेवढीच नाही. खडकात मुळात ताण साठलेला असतो आणि जुन्या भ्रंशांच्या, म्हणजे खडक जिथे पूर्वी फुटून सरकलाय अशा भेगांच्या, दोन बाजू एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. भेगांतून झिरपलेल्या पाण्याचा दाब वाढला की ही पकड ढिली होते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात तर शास्त्रज्ञांनी हे करूनच बघितलं: विहिरीत पाणी दाबलं की भूकंप वाढले, दाब उतरवला की थंडावले. १९७६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आमच्याकडे पावसाळ्यानंतर, तलाव भरल्यावर हादरे वाढतात, त्याचा अर्थ मला रेंजलीबद्दल वाचल्यावर नीट लागला.

या यंत्राने मला सर्वांत जास्त काय दिलं असेल तर लहान हादऱ्यांची किंमत. पलंग हलवणारा एखादा. बाकी सगळे कोणाला न कळता होऊन जातात. तीव्रता एकाने कमी धरली की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते, हा गुटेनबर्ग-रिश्टर नियम मी पुस्तकातून शिकले होते. आलेखावर बारीक बारीक उभार मोजताना तो डोळ्यांना दिसतो.

हाच नियम मुठीत मावणाऱ्या दगडातही चालतो, हे क्रिस्टोफर शोल्झ यांनी १९६८ मध्ये दाखवलं. दगडाच्या नळकांड्या यंत्रात दाबायच्या आणि आत सूक्ष्म तडे जाताना होणारे टिकटिक आवाज टिपायचे. दगड एका झटक्यात फुटत नाही. फुटायच्या कितीतरी आधीपासून तो आतून कुरकुरत असतो, आणि ताण वाढत गेला की त्या कुरकुरीत मोठ्या आवाजांचं प्रमाण वाढतं. त्याच्या दोन वर्षं आधी ब्रेस आणि बायर्ली यांनी आणखी एक गोष्ट मांडली होती: एकदा फुटलेल्या ग्रॅनाइटच्या दोन बाजू सरकतात त्या अडकत, सुटत, धक्क्याधक्क्याने, आणि उथळ भूकंप असेच होत असावेत. म्हणजे बहुतेक भूकंपांत खडक नव्याने फुटत नाही. जुनीच जखम पुन्हा सुटते.

मला सगळ्यात आवडतो तो डेव्हिड लॉकनर आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा प्रयोग. ग्रॅनाइट फुटतो तेव्हा तडा क्षणात आरपार जातो, बघायला सवडच मिळत नाही. त्यांनी युक्ती अशी केली की दगडातून येणाऱ्या टिकटिकीवरच दाबयंत्राचा ताबा सोपवला. आवाज वाढले की दाब आपोआप कमी. असं दगडाला सारखं आवरून धरत त्यांनी तडा सावकाश वाढवला, आणि तो कुठून सुरू होतो, कसा पुढे सरकतो, हे आवाजांच्या जागा शोधून नकाशावर मांडलं. कानांनी बघणं म्हणतात ते हे. कायझर यांनी १९५० मध्ये सांगितलेलं आणखी एक तत्त्व आहे: पदार्थाने आधी सोसलेल्या ताणाच्या वर ताण गेला, तरच तो नव्याने आवाज करू लागतो. कोयनेतही पाण्याने मागची उच्च पातळी ओलांडली की मोठ्या भूकंपाची शक्यता वाढते, असं अभ्यासकांच्या लक्षात आलंय. मग पूर्वसूचना मिळालीच की, असं कोणी म्हणेल. नाही. प्रयोगशाळेतल्या दगडाभोवती संवेदक लावता येतात आणि त्याच्यावर किती दाब आहे तेही ठाऊक असतं. डोंगराखाली सात किलोमीटरवर यातलं काहीच हातात नसतं, आणि माझ्या कोठीतल्या एका डबीच्या जोरावर तर कोणी तारखा सांगत सुटू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर सुटतात, ते वेगळं.

आता उणिवा. आरएस वन डी एकटं असेल तर अंतर सांगतं, दिशा नाही. २८ किलोमीटर म्हणजे घराभोवती काढलेलं एक वर्तुळ. मी वारणा म्हटलं ते त्या बाजूला भूकंप होतात हे आधी माहीत आहे म्हणून. दिशेचा थोडाफार अंदाज हवा असेल तर तीन जिओफोनचं थ्री डी मॉडेल घ्यावं. जवळच जोराचा भूकंप झाला तर जिओफोनची मर्यादा ओलांडली जाते आणि आलेखाचे शेंडे छाटल्यासारखे सपाट होतात; त्यासाठी प्रवेगमापी जोडलेलं फोर डी मॉडेल आहे. धरणाच्या कुशीत राहणाऱ्याने तेच घ्यावं असं माझं मत, खिसा परवानगी देत असेल तर.

दूरच्या भूकंपांच्या लांब, संथ लहरी या छोट्या जिओफोनला नीट पकडता येत नाहीत. पण पहिली लहर पकडतो. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ चा भूकंप झाला, आपल्या ११ वाजून ५० मिनिटांनी. जवळपास पाच मिनिटांत आमच्या कोठीत तो पोचला. वरण शिजत होतं, मी सहज पडद्याकडे बघितलं तर रेघ ओळखीची नव्हती: सुरुंगासारखी टोकदार नाही, जवळच्या भूकंपासारखी झटपट शमणारीही नाही. तिथल्या मंडालेपासून पाटणपर्यंत खडकातून आलेली ती थरथर कोणालाच जाणवली नव्हती. बातम्या नंतर आल्या.

वीज आणि इंटरनेट या आपल्याकडच्या खऱ्या अडचणी. माझ्या यंत्रातल्या रास्पबेरी पायला वीज गेल्यावरही चालू राहील असं स्वतःचं घड्याळ नाही, वेळ तो इंटरनेटवरून घेतो. पावसात केबल तुटली आणि त्याच वेळी वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झालं, तर नोंद होते पण तिच्या वेळेवर विश्वास ठेवता येत नाही. आणि वेळ नसलेली भूकंपनोंद काय कामाची? जीपीएस जोडायची सोय आहे, ती वापरा. वीज अचानक गेली की कोणत्याही पायचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून राउटरला लावतात तसला छोटा बॅटरीचा डबा हवाच. आणि वायफायच्या नादी न लागता सरळ तारेने जोडा.

सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नाही. घरच्या नेटवर ब्राउझर उघडला की यंत्राचं पान दिसतं, आलेखासाठी अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचा स्वॉर्म हा फुकट प्रोग्रॅम चालतो. नोंदी जगाशी वाटून घ्यायच्या की नाही हे आपण ठरवायचं. नकाशावर घराची नेमकी जागा दाखवत नाहीत, थोडी सरकवून दाखवतात. सगळं इंग्रजीत आहे, त्यामुळे सासूबाईंसाठी मी भिंतीवर मराठीत एक कागद चिकटवलाय: पी कशी, एस कशी, सुरुंग कसा. पाहुण्यांना आता त्याच समजावून सांगतात, आणि मिक्सरवर आवाज चढवतात.

फक्त "आत्ता कुठे झाला, किती झाला" एवढंच हवं असेल तर हे विकत घेण्याची गरज नाही. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं 'भूकंप' (BhooKamp) हे अ‍ॅप फुकट आहे. इशाऱ्यासाठी अँड्रॉइड फोनमध्ये २०२३ पासून भारतातही सोय आहे, ती चालू ठेवा. पण भूकंप तुमच्या पायाखालीच झाला तर कोणताच इशारा वेळेत पोचत नाही. पाटणहून कोयनानगर सोळा-सतरा किलोमीटर; एस लहरीला पाच सेकंद पुरतात.

खर्च एका बऱ्या स्मार्टफोनएवढा येतो. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि कुरिअरवाल्याची मधली फी वेगळी, ती आधीच विचारून घ्या. आमचं पार्सल एका कुरिअरवाल्याने "हे नेमकं कशासाठी" म्हणत अडवून ठेवलं होतं आणि पुतण्याला लेखी खुलासा द्यावा लागला.

भूकंपाची जागा पक्की करायला तीन वर्तुळं लागतात. माझं एक झालं. हेळवाकचा माझा जुना विद्यार्थी दुसरं यंत्र ठेवायला तयार आहे, त्याचे पैसे जमवणं चालू आहे. तिसऱ्यासाठी घाटाखाली, चिपळूणच्या बाजूला कोणी असेल तर कळवा. तळमजल्यावर पक्की फरशी हवी, बऱ्यापैकी इंटरनेट हवं, आणि शेजारी पिठाची गिरणी नको.